झोपलेला लॅपटॉप आणि बाबांचं नाव

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि दोनच दिवसांत मेल आला: तुमची निवड झाली आहे. मी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग आईला वाचून दाखवला. ती नुकतीच शेतात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजून आली होती, हात अजून राखेने माखलेले.

"म्हंजे नोकरी लागली?" तिने विचारलं.

नोकरी नव्हती. जिचा कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. सुट्टीभर तिच्यावर काम करायचं आणि एक जाणकार माणूस आपल्याला शिकवणार. मला शिकवणाऱ्या बाई दूरच्या देशात राहायच्या. मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्यासारखं.

काम ऐकायला सोपं होतं. काही जुने लॅपटॉप झाकण मिटलं की झोपायचे, पण पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राहायचा. माझा सेकंडहँड लॅपटॉप त्यातलाच. म्हणून तर मी अर्ज केला होता.

पहिली दुरुस्ती पाठवली, ती सतरा शेरे घेऊन परत आली. मला रडूच आलं. दुपारच्या कॉलवर बाई म्हणाल्या, "टाकाऊ कामावर मी एवढं लिहीत नाही. आता झाकण उघडल्यावर काय काय घडतं, ते क्रमाने कागदावर मांड."

मी ओटीवर बसून झाकण उघडत होते, मिटत होते, लिहीत होते. बाबा साजगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. पहिली पाळी करून ते घरी आले.

"काय चाललंय गं तुजं?"

मी सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला.

"आमी बंद मशीन एकदम नाय चालू करत. आदी तेलाचा पंप, मग मोटर. हितं आदी कोण उठतं?"

ते मी पाहिलंच नव्हतं. तपासलं, तर पडदा आधी उठत होता आणि त्याला वीज पुरवणारी चिप नंतर. क्रम बदलला. झाकण मिटलं, उघडलं. पडदा उजळला. वीस वेळा करून पाहिलं, विसाव्या वेळीही उजळला. बाबा शेजारी उभे राहून मोजत होते.

दुरुस्तीच्या खाली ती सुचवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते. मी बाबांचं लिहिलं.

"हे कोण? कुठल्या टीममधले?" बाईंनी पुढच्या कॉलवर विचारलं. मी सांगितल्यावर त्या मोठ्याने हसल्या. "राहू दे. ती ओळ त्यासाठीच आहे."

दुरुस्ती स्वीकारली गेली, तेव्हा मी बाबांना ते पान दाखवलं. चष्मा लावून त्यांनी इंग्रजी अक्षर न् अक्षर वाचलं.

"आडनावात एक अक्षर चुकलंय."

खरंच, घाईत टाइप करताना चुकलं होतं, आणि एकदा आत गेलेली नोंद बदलता येत नाही. मी ओशाळले.

"असू दे गं," म्हणत त्यांनी मला जरा बाजूला सरकवलं आणि मोबाइलवर पानाचा फोटो काढला. मग विचारलं, "आनखी काय बिघडलंय त्यात?"