फोनसमोरचं जेवण

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं तेव्हा तिची नेमणूक सिंधुदुर्गात, देवगडच्या बाजूला एका गावात होती आणि मी वालचंदनगरला कारखान्यात. दोन-तीन वर्षांत बदली होऊन ती इकडं आमच्या इंदापूर तालुक्यात येईल, असं लग्न ठरवताना दोन्हीकडची माणसं म्हणाली होती. शिक्षकांच्या जिल्हाबदलीचा ज्यांना अनुभव आहे ते या वाक्याला हसतील. बदली दरवर्षी होणार म्हणायची आणि दरवर्षी राहायची.

आमच्या घरात बायका पुरुषांच्या मागून जेवतात. तसा नियम कुणी केलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही. सुट्टीत ती घरी आली की मला वाढायची, तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकायची आणि माझं उरकलं की आईबरोबर स्वयंपाकघरात बसायची. त्यामुळं आपली बायको जेवते कशी, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर. ती आधी भाकरीचा पापुद्रा सोडवून नुसता खाते. कांदा चावताना डोळे मिटते. शाळेतलं काही सांगायला लागली की घास हातातच राहतो आणि आमटी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते. संध्याकाळी कामावरून आलो की हातपाय धुऊन मी फोन तांब्याला टेकवायचो, तिकडं ती डब्याला टेकवायची आणि तासभर ती माझ्याकडंच बघायची. त्या तासावर माझा जीव होता. बदली होईल तेव्हा होवो, पण हा तास कुणाच्या बापाला द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

वडील गेल्यापासून आई माझ्याजवळच क्वार्टरमध्ये राहते. आम्ही बोलत असताना ती मुद्दाम कॅमेऱ्याबाहेर बसायची. "नवरा-बायकूच्या बोलण्यात आपलं काय काम," म्हणायची आणि एकेक शब्द ऐकायची.

पहिला मत्सर मला माशाचा वाटला. खोटं कशाला सांगू? बायकोचं माहेर डाळज. भिगवण तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे धरणातल्या चिलापी माशावर वाढलेली ही पोरगी. लग्नानंतर मी तिला खूश करायला काही केलं असेल तर ते म्हणजे भिगवणला मासे खायला नेणं. आणि एके दिवशी फोनवर बांगड्याचं कालवण ओरपत ती म्हणते, "खाऱ्या पाण्याचा मासा तो मासा. आपली चिलापी मला आता मातकट लागंल." मला धरणाच्या वतीनं राग आला. मी म्हणालो, "काटे बघून खा." ती म्हणाली, "आता सवय झाली."

ही सवय मला खुपायला लागली. तिला तिथली सवय होत होती. घरमालकीणबाईंना ती "मावशी" म्हणायची आणि त्यांच्याशी बोलताना वाक्याच्या शेवटी "गो" लावायची. बदलीचा विषय आधी रोज ती काढायची, आता मला काढावा लागायचा. दिसायलाही ती छान दिसायला लागली होती. नवऱ्याला याचा आनंद व्हायला पाहिजे. मला झाला नाही. मी इथं सुकत असताना ही तिथं फुलते कशी, असंच मनात यायचं.

आणि मग तो हात दिसला.

ती भात कालवत होती. डाव्या बाजूनं एक हात आत आला. जाडजूड, काळासावळा, मनगटावर रुंद पट्ट्याचं पुरुषी घड्याळ. हातानं तिच्या ताटाशेजारी वाटी ठेवली आणि निघून गेला. तिनं वर बघून नुसतं हसून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि पुढं जेवायला लागली. मी कान देऊन ऐकलं. बांगड्यांचा आवाज नव्हता. आमच्याकडं बाईमाणूस खोलीत येण्याआधी तिच्या बांगड्या येतात.

विचारावं तर आपण हलके ठरतो, न विचारावं तर जेवण जात नाही. मग माझे उद्योग सुरू झाले. "फोन जरा लांब ठेव की."

"का?"

"जवळून तुझं नाक मोठं दिसतंय."

फोन लांब गेला. मला जास्त खोली दिसायला लागली आणि मी तिच्याकडं बघायचं सोडून कडांकडं बघायला लागलो. शाळेत एक नवे सर आल्याचं ती मागं सहज बोलली होती. आता त्या सरांना माझ्या डोक्यात मिशा आल्या, मोटरसायकल आली, मनगटावर घड्याळ तर होतंच. कारखान्यात मशीनवर उभा राहून मी त्या माणसाशी भांडायचो. हात पुन्हा दोनदा आला. एकदा पापड घेऊन, एकदा सोलकढी घेऊन. मला जळवायलाच येतो, असं वाटायचं.

"तुमचं लक्ष कुठं हाय?" ती विचारायची.

"जेवणात."

शेवटी मी रजा टाकली आणि तिला न सांगता एसटीत बसलो. कोल्हापूरला गाडी बदलली, घाट उतरलो, वळणावळणाला मळमळत होतं, पण सरांशी काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. दिवेलागणीला तिच्या खोलीसमोर पोचलो. दार तिनं नाही उघडलं. साठीकडं झुकलेल्या, माझ्यापेक्षा रुंद खांद्यांच्या एका बाईनं उघडलं. हातात तळलेल्या माशांचं ताट आणि मनगटावर ते घड्याळ.

"तुमीच ते? या, या. फोनात मोठे दिसतास हो," मालकीणबाई म्हणाल्या.

मी घड्याळाकडं बघत उभा राहिलो. आतून बायको आली. मला बघून आधी घाबरली, कुणाला काय झालं म्हणून. मग माझी नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं. मावशी पाणी आणायला आत गेल्यावर ती हळू म्हणाली, "काय बघताय? घड्याळ? मावशींच्या मालकांचं हाय ते. ते गेल्यापास्नं ह्याच घालत्यात." आणि एवढं बोलता बोलता तिला सगळं कळलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग हसायची थांबून म्हणाली, "फोन लांब ठेव, फोन लांब ठेव. ह्याच्यासाठी व्हय?"

मी म्हणालो, "चिलापीसारखा न्हाय लागला म्हणून काय झालं, तुझ्या हातचा मासा खायला आलोय." तिनं ऐकून घेतलं.

पुढं जे झालं ते माझ्या कर्माचं फळ. एवढा घाट उतरून गेलो, आणि त्या दोघींनी मला पाट मांडून एकट्याला जेवायला वाढलं. पाहुणा ना मी. माझं झाल्यावर त्या आत बसल्या. चूल माझ्या पाठीमागं, मधे पडदा, आणि पडद्याआड त्या दोघी जेवत होत्या, बोलत होत्या, मावशी काहीतरी सांगत होत्या आणि माझी बायको खळखळून हसत होती. सर बिचारे कुठं असतील तिथं असोत. माझा तास ह्या बाईनं घेतला होता, आणि तिच्याशी भांडायचं तरी कसं?

घरी आल्यावर मी ही गंमत आईला सांगितली. मला वाटलं हसेल. बांगड्यांचा आवाज आला नाही म्हणून पुरुष वाटला, हे मी रंगवून सांगत होतो आणि ती मला भाकरी वाढत होती.

"माझ्या हातात हायत्या व्हय रं बांगड्या?" ती म्हणाली.

मी तिच्या हातांकडं पाहिलं. इतकी वर्षं हेच हात मला वाढत होते. मी खाली मान घालून जेवलो.

बदल्यांच्या त्यानंतरच्या फेरीत तिची बदली झाली. इंदापूर तालुक्यातच, रोज गाडीवर जाऊन-येऊन करता येईल अशी शाळा. निरोप द्यायला तिनं फोन केला तेव्हा ती रडत होती आणि मागं मावशी रडत होत्या. मी आनंदानं ओरडलो. आई देवाला निघाली.

ती आली त्या आठवड्यात घर भरल्यासारखं झालं. संध्याकाळी मी कामावरून आलो की ताट तयार. ती वाढायची, भाकरी टाकायची, विचारायची, "अजून देऊ?" मी म्हणायचो, "तू पण बस की माझ्याबरोबर." ती डोळ्यांनीच आईकडं खूण करायची आणि म्हणायची, "आईंसंगं बसते, तुमी घ्या उरकून." मी उरकायचो. मग त्या दोघी आत बसायच्या आणि नेमका तेव्हा मावशींचा व्हिडिओ कॉल यायचा. बाहेरून मला ऐकू यायचं. "होय गो मावशी, पापड संपले." माझी बायको त्यांच्याकडं बघत जेवत होती. भाकरीचा पापुद्रा त्यांना दिसत होता. माझ्याच घरात, माझ्यापासून चार हातांवर.

एका संध्याकाळी मी वाढलेलं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिला व्हिडिओ कॉल लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. मी जेवलो नाही, तसाच बसून राहिलो. शेजारच्या क्वार्टरमधल्यांनी बघितलं, बघू दे म्हटलं. आमटीवर साय धरली तेव्हा तिचा फोन आला.

"अहो, भाईर काय करताय? आत या की."

"आत नगं."

"का?"

"आत आलो की तू मला वाढतीस."

तिनं फोन डब्याला टेकवला. मला तिच्या मागं आईचं डोकं दिसलं. आईनं आमच्याकडं बघितलं, आपलं ताट उचललं आणि कॅमेऱ्याच्या बाहेर सरकली.