मावशीने चार वर्षं बंद न केलेलं मशीन

गल्लीत बोलवा होती की मावशीने मागच्या खोलीत कुणालातरी कोंडून ठेवलंय. दाराखालचा उजेड चार वर्षांत विझला नव्हता आणि कान लावला की आतून घूंऽऽ ऐकू यायचं. वेडा दीर असणार, असं इस्त्रीवाली नाकातून सांगायची.

दीरबीर कुणी नव्हता. आत होता एक जुना घरगुती कॉम्प्युटर. एक पाय आखूड असलेल्यांसाठी मावशी बूट शिवते. पायाची मापं टाकली की टाच किती उंच हवी ते सांगणारा प्रोग्रॅम काकांनी लिहिला होता. तो कॅसेटवरून मशीनमध्ये चढायला वीस मिनिटं घ्यायचा, आणि वर दोनदा रुसायचा. म्हणून काकांनी मेमरीच्या वरच्या टोकाला त्याची जागा राखून ठेवली. खालच्या जागेत पत्रं लिहा, काही करा. तो हाक मारली की हजर.

काका गेले. वर्षभरात रेकॉर्डरने कॅसेट चावली. आता प्रोग्रॅम होता तो फक्त मेमरीत, म्हणजे वीज असेतोवर. मावशीने मशीनला बॅटरी जोडली, बटणावर चिकटपट्टी मारली. प्रोग्रॅम नव्या कॅसेटवर उतरवायला नवा रेकॉर्डर जोडताना मशीन बंद पडता पडता वाचलं, तेव्हापासून त्याच्याजवळ ती वायरही नेऊ देत नव्हती. बाबा म्हणायचे, अगं, देव्हाऱ्यातल्या समईलाही एवढं कुणी जपत नाही.

या उन्हाळ्यात खोलीत जळका वास येऊ लागला. मग शाळेतल्या बाई आल्या. नवे बूट घालून जिना उतरताना घर कलल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. नवे आहेत, रुळतील, असं मावशीने सांगितलं खरं, पण त्या गेल्यावर मापांची वही घेऊन बसली ती उठेचना. मी तिच्याच आवाजात "रुळतील, रुळतील" केलं. ती हसली नाही.

"याची बुद्धी फिरलीय," ती म्हणाली.

मी म्हटलं, मशीनची कुठली बुद्धी फिरते? तेच माप टाक, तेच उत्तर येणार. पैज.

"हरलीस तर उन्हाळ्यात गेलेले सगळे बूट घरोघर फिरून परत आणायचे."

बाईंचं माप टाकलं. सकाळी उत्तर आलं अठरा मिलिमीटर. चहानंतर अठरा. मी तोऱ्यात होते. दुपारी तापलेल्या मशीनवर हात ठेववेना, तेव्हा आलं सव्वीस. पुन्हा टाकलं. सव्वीस. वहीत बाईंच्या बुटापुढे मावशीच्याच अक्षरात सव्वीस होतं. त्याच्या खाली या उन्हाळ्यातली आणखी अकरा नावं.

मावशीने चिकटपट्टी नखाने सोलली आणि बटण दाबलं. घूं थांबलं. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेची नक्कल मला करता येत नाही.

मग तिने वही माझ्या हातात दिली. बाईंच्या खालचं पहिलंच नाव उंच इमारती रंगवणाऱ्या रंगाऱ्याचं होतं.

"आधी त्याच्याकडे," ती म्हणाली. "आणि खालून हाक मारू नकोस. दचकेल."