वहिनीचं बंद केलेलं इंजेक्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

दवाखान्याचं बिल कमी करून हवं असलं की आमच्या केजकडची माणसं मला बोलावतात. मी डॉक्टर नाही, पुढारीही नाही — पुढाऱ्यांच्या मागंपुढं करणारा माणूस. साहेबांना फोन लावायचा आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा, एवढंच मला जमतं. पण त्यानं गावात मान मिळतो. आणि त्या मानाची मला चटक होती — भारी चटक.

माझी वहिनी मेंढरांमागं जाताना बांधावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. आई गेल्यावर हिनंच मला लहानाचं मोठं केलेलं. दादा रानात, म्हणून दवाखान्यात मी. ऑपरेशन नीट झालं. मग डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात, एखादी छातीत गेली तर माणूस हातचा जातो, म्हणून काही दिवस रोज पोटात रक्त पातळ ठेवणारं एक इंजेक्शन द्यायचं. "आता महाग वाटेल," ते म्हणाले, "पण गाठ झाल्यावरचा खर्च याहून कितीतरी मोठा. आणि तो करूनही माणूस वाचेलच असं नाही."

मला समजलं नाही असं म्हणू? समजलं होतं. सगळं.

पण बाहेर खाटेभोवती गावची माणसं जमली होती. बिलातलं काहीतरी उडवल्याशिवाय मी कसला? सगळ्यांदेखत मी म्हणालो, "रक्त पातळ करायला ते काय दूध हाय का, डॉक्टरसाहेब?" सगळे हसले. वहिनीही हसली. डॉक्टर पुन्हा काही सांगू लागले, तेव्हा मी साहेबांचा फोन त्यांच्या हातात दिला. इंजेक्शन बंद झालं.

पुढं एका सकाळी वहिनी उठून बसली आणि म्हणाली, "भावजी, दम लागलाय." डॉक्टर धावत आले — पण ती गेली होती.

दादा आला. सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, "ते इंजेक्शन कशापायी व्हतं, डॉक्टरनं तुला सांगितलं व्हतं का?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

"न्हाई, दादा," मी म्हणालो.

मग माणसं डॉक्टरांवर धावून गेली. काचा फुटल्या. मी कुणाला अडवलं का? नाही. डॉक्टर ओरडून सांगत होते, पण माझ्या शब्दापुढं त्यांचं कोण ऐकणार? काही महिन्यांनी त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते गाव सोडून गेले. आता मांडी मोडली की आमच्याकडच्या माणसाला जीपमध्ये घालून लांब न्यावं लागतं.

दादा अजून चारचौघांत सांगतो, "माझ्या भावानं तिच्यासाठी लई धावपळ केली." मी शेजारीच बसलेलो असतो. मान खाली घालतो, आणि त्याला तसंच बोलू देतो.