दिघीहून आणलेला सदरा

वडील ज्या गलबतावर खलाशी होते ते आश्विनातल्या वादळात बुडालं. पाचांपैकी दोघे पोहून किनाऱ्याला लागले. वडील आले नाहीत. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. थळच्या आमच्या घरी बायका यायच्या, आईला म्हणायच्या, "आता कुंकू पूस गो." आई ऐकत नसे. "डोल्यांनी बघितल्याबिगर पुसायची न्हाय," एवढंच म्हणायची. वडिलांच्या वाटचा भात ती रोज झाकून ठेवी आणि सकाळी तोच गार भात स्वतः खाई.

दीड महिन्याने निरोप आला. दिघीजवळच्या एका वाडीच्या किनाऱ्याला मागे एक प्रेत लागलं होतं. कपडे पोलीस पाटलांकडे आहेत, ओळखू येतात का बघा.

आई मला घेऊन निघाली. थोडं एसटीने, थोडं चालत आम्ही आगरदांड्याला पोचलो. तिथून खाडी ओलांडायला होडी. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पाण्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

पाटलांनी फडताळातून सदरा काढून आईपुढे ठेवला. स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला. खांद्यावर निळं ठिगळ होतं, आमच्याच जुन्या चादरीचं. आईने ठिगळावरून बोट फिरवलं. मग सदरा उलगडून ती बाही निरखू लागली. बाही कधीतरी खांद्यापासून फाटली होती आणि कुणीतरी बारीक टाके घालून ती जोडली होती.

"ही शिवण माझी न्हाय," आई म्हणाली.

"वाडीतल्या एका बाईनं शिवलाय," पाटील म्हणाले. "म्हणाली, घरची माणसं येतील, त्यांच्या हातात फाटका कसा द्यायचा?"

"आणि त्यांचं...?"

"अग्नी दिला. चार दिवस पाऊस लागलेला, कोरडं लाकूड कुठं न्हाय. पुरायचंच चाललं होतं. तेव्हा तिनंच माळ्यावरच्या फळ्या काढून दिल्या. मुलाच्या नव्या होडीसाठी ठेवल्या होत्या. तो पोरगा दोन वर्षांमागं असाच दर्यात गेला. अजून मिळाला न्हाय."

आईने सदऱ्याची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "तिचं घर दाखवा. मला तिचे पाय धरू द्या."

"सांगू नका म्हणालीय. म्हणते, एकमेकींचं तोंड बघितलं तर दोघींनाही सोसायचं न्हाय."

पाटलांनी दाखवलेल्या चितेच्या जागी वाळूत आता काहीच उरलं नव्हतं. तिथे बसून आईने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. वडील गेले हे मला तेव्हा खरं वाटलं.

परतताना आई वाडीतून गेली. प्रत्येक दारापुढे थांबून तिने हात जोडले. बंद दारांनाही. सुकट वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. एकीनेही काही विचारलं नाही. त्यांतली ती कोण होती, मला आजही ठाऊक नाही.

होडीत बसल्यावर आई तोंडाशी पदर धरून मोठ्याने रडू लागली. होडीवाल्याने वल्ही आत घेतली. तिचं रडणं ओसरेपर्यंत त्याने होडी खाडीत तशीच राहू दिली. उतारूंना घरी जायची घाई होती, पण कुणीही त्याला वल्हव म्हटलं नाही.