आठ फुटी चेहऱ्यासमोरचं जेवण

कलेचा इतिहास राजवाड्यांत घडत नाही, खाणावळींत घडतो. हे वाक्य मी लालबागच्या एका खाणावळीत वालाची आमटी ओरपता ओरपता बोललो, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

खाणावळ मालवणी काकींची. संपाआधी दुपारी तिथे बाकड्यावर टेकायला जागा नसे. संप लांबला, जेवणारे गिरणी कामगार गावी गेले, ते परत आलेच नाहीत. रोजचे म्हणून उरलो दोघंच: परळच्या शाळेतला मास्तर मी, आणि सिनेमाचे बॅनर रंगवणारा माझा मित्र. काकींनी सांगून टाकलं होतं, "गणपतीपर्यंत बाकडी भरली नाय, तर मी गावाक चल्लंय."

मी तेव्हा नुकतंच एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. एकोणिसाव्या शतकातले रोमचे चित्रकार म्हणे एका ठरलेल्या कॉफीच्या दुकानात दिवसभर बसत, एका कपावर तीन तास भांडत. भिंतींवर त्यांचीच चित्रं.

"मगे तेंका जेवणात काय वाढीत?" काकींनी विचारलं.

"जेवणाबद्दल पुस्तकात फारसं नाही."

"मगे थंय जायत कित्याक?"

"चर्चा करायला."

"उपाशी पोटान?"

मित्राने मात्र मनावर घेतलं. "काकी, मागची भिंत द्या. गिऱ्हाईक चित्राला येतं."

तीन दिवस भिंतीवर चादर होती. चौथ्या दिवशी ती निघाली आणि रोमचा एक दाढीवाला चित्रकार प्रकटला. फक्त चेहरा, आठ फूट उंच. मित्राने जन्मभर रस्त्यापलीकडच्या माणसासाठीच रंगवलं होतं; बाकडं भिंतीपासून दोन हातांवर आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने भात कालवला, मान वर केली, तर समोर ताटाएवढी नाकपुडी. तो सरकून बसला. तिथे कान होता.

"मेल्या, ह्या नाकासमोर कोण जेवतलो रे?"

"काकी, रस्त्यापलीकडून बघा ना जरा!"

काकी पलीकडच्या उडप्याच्या पायरीवर गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. खाणावळीचं तोंड उघडं असल्याने तिथून चेहरा पूर्ण दिसे. "बरो दिसता," त्या म्हणाल्या. खरोखरच बरा दिसत होता. लोकही तिथूनच बघू लागले, आणि उभे आहोतच तर म्हणून डोसा मागवू लागले. उडप्याने मित्राला कौतुकाने शिरा पाठवला.

श्रावण लागला. मासे बंद झाले तसे उरलेसुरले जेवणारेही बंद झाले. काकींनी ट्रंक खाली काढली.

आणि एका दुपारी शेजारच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातले कारागीर आले. कोपरापर्यंत शाडू. काकींनी काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट आले, आठवड्याभरात बाकडी भरली. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली.

मी हरखलो. अखेर कलावंतांनी आपलं ठिकाण निवडलं होतं. सगळे भिंतीकडे पाठ करून बसत, ते मी आदर समजलो. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर कारागिराला मी विचारलं, "इथेच का येता? चित्रासाठी?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावेत.

"बाकीचे हॉटेलवाले आम्हाला घेत नाहीत," ते म्हणाले. "हात धुतले की शाडूने मोरी तुंबते. इथली मोरी रुंद आहे."