सुगंधाबाईचं विरजण

लग्न होऊन वाटूरला आली तेव्हा सुगंधाबाईच्या आईनं तिला दह्याचं गाडगं दिलं. बाप मेंढरं राखायचा. द्यायला दुसरं काही नव्हतं. त्या दह्याचं विरजण सुगंधाबाईनं कधी मोडू दिलं नाही. आई गेली, तरी तिच्या दह्याची चव घरात राहिली.

दोन वर्षांमागं आष्टीची तृप्ती दारात आली. शहरात दातांची डॉक्टरकी शिकणारी ही पोरगी गावोगावचं घरगुती दही गोळा करत होती.

"दह्यातले चांगले जंतू दात किडवणाऱ्या जंतूंना रोखतात का, ते तपासून राह्यले, मावशी."

"जल्मभर दही खाल्लं की मी. तरी अर्ध्या दाढा गेल्याच."

"मिसरी लावता?"

सुगंधाबाई पदर तोंडाला लावून हसली. डबा मात्र तिनं काठोकाठ भरून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. पोरगा इंद्रभान जालन्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होता. दह्याकडं बघणार कोण? घरी परतली तेव्हा गाडग्यात बुरशी चढली होती.

"शेजारून विरजण आणतो, माय."

"दही कुठं बी मिळंल रे. माझ्या मायचं कुठून आणशील?" तिनं भिंतीकडं तोंड केलं.

इंद्रभाननं तृप्तीला फोन लावला. ती म्हणाली, "प्रयोगशाळेतलं खायला देता येत न्हाई. पण थांबा जरा, येते मी."

रविवारी ती स्टीलचा डबा घेऊन हजर. "तपासायला थोडंच लागलं, डब्यात उरलेलं दही मी तवा घरी नेलं होतं. आईला लई आवडलं. तवापासून ती त्याचंच विरजण लावती."

सुगंधाबाईनं बोटभर दही जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "हेच गं. बिलकुल हेच!" तृप्तीच्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.

त्या दह्यातल्या एका जंतूनं काचेच्या बशीत किडीच्या जंतूंना अडवलं होतं, तेही तृप्तीनं सांगितलं. माणसाच्या तोंडात ते जमेल का, हे अजून कळायचं होतं. "तवर दात घासायचे, मावशी. अन् मिसरी बंद."

"बंदच समज."

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर सुगंधाबाई सगळ्यात आधी आष्टीला गेली. पिशवीत खण-नारळ होता. तिनं तृप्तीच्या आईची ओटी भरली.

"ताई, माझं म्हायेर सांभाळलं तुम्ही."

"अहो, मी तर निस्ती रोज कढी केली!" तृप्तीची आई म्हणाली आणि तिला हाताला धरून आत जेवायला घेऊन गेली.