भाचीनं नेलेले बूट

किटिओने नावाचा रग्बीपटू तरुणपण सगळं फ्रान्समधल्या एका थंड गावाच्या रग्बी क्लबला देऊन फिजीला परतला, तो मोडून जुळलेलं नाक, चुरगळलेले कान आणि शेवटच्या सामन्याचे बूट घेऊन. पडलेल्या गड्यावर वाकून चेंडू उपटून घेण्यात तिथं त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. क्लबला आता ते बूट काचेच्या कपाटात मांडायचे होते. नदीकाठी अनवाणी खेळून वाढलेला हा गडी मनातून हरखला. घासूनपुसून त्यानं ते दाराशी उन्हात ठेवले.

तेवढ्यात भाची आतेलाइते आली, कसाव्याचे उकडलेले कंद पोटभर जेवली आणि जाताना बूट उचलून चालती झाली. दुसऱ्या दिवशी मुलींच्या राष्ट्रीय संघाची निवड होती.

बहिणीच्या लेकरानं मामाच्या घरातलं काहीही उचलावं, मामानं ब्र काढू नये. फिजीत वासूचा, म्हणजे बहिणीच्या लेकराचा, हक्कच तो. बहिणीला सांगावं, तर भावानं बहिणीशी समोरासमोर बोलायची रीत नाही. बायको, सालोते, यांगोना हे मुळांचं पेय गाळता गाळता म्हणाली, "डुक्कर नेलं असतं तर इतकं तोंड पडलं नसतं तुमचं."

मैदानावर तो गेला तो बुटांवर डोळा ठेवूनच. खेळ संपला की पोरगी आपणहून परत देईल, अशी वेडी आशा. पण सामना सुरू झाला आणि आतेलाइते एका पडलेल्या पोरीवर वाकली, पाय रोवले, चेंडू उपटला. हुबेहूब तो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुणाची रे ही? किटिओनेची मान आपोआप ताठ झाली.

मध्यंतरात ती लंगडत आली.

"मामा, डावा चावतोय."

"टाचेला, आतून."

"तुला कसं कळलं?"

"मला काय कमी चावलाय?"

"मग कापला का नाहीस?"

चांगल्या बुटाला सुरी लावायचा जीवच कधी झाला नव्हता त्याचा. तो गुडघ्यावर बसला, शेजाऱ्याची कसावा सोलायची सुरी मागितली आणि टाचेची कडक कड सपकन कापून काढली. आतेलाइतेनं पाय आपटून पाहिला, हसली आणि पळाली.

संध्याकाळी, ती संघात आली म्हणून सगळं गाव यांगोनाला जमलं. सालोतेनं हळूच विचारलं, आता काचेत काय मांडणार तुमचे फ्रेंच?

किटिओनेनं खिशातून तो कातड्याचा तुकडा काढला. "हा पाठवतो. बाकीचे बूट खेळायला गेलेत म्हणून कळवतो."